वाड्यावर मुक्कामाला येण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर तेच ते प्रश्न येतात आणि दर वेळी घाईत उत्तर देताना काहीतरी सांगायचं राहून जातं. म्हणून इथे सगळं एकदा निवांत लिहिलं आहे. वाचून झाल्यावर ‘हे आपल्यासाठी नाही’ असं वाटलं, तर तेही बरंच. इथे येऊन तसं वाटण्यापेक्षा आधी वाटलेलं चांगलं.

वाडा नेमका कुठे आहे?

रामटेक तालुक्यात, रामटेकच्या थोडं पुढे. गावाभोवती धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं आहेत. नागपूरहून जबलपूर रस्त्याने कामठी, कन्हान ओलांडून मनसरला उजवीकडे वळायचं. एकूण अंतर सुमारे 55 किलोमीटर. कामठीतली गर्दी लागली नाही तर सव्वा तास, लागली तर दोन तास धरा. विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, वर्धा रोडला आहे. विमानाने येणाऱ्यांनी अख्खं नागपूर पार करण्याचा वेळ वेगळा मोजावा.

मोबाइलचा नकाशा कधी कधी जवळचा म्हणून पाटाच्या कच्च्या रस्त्याने नेतो. पावसाळ्यात त्या रस्त्याला लागू नका. तिथे फसलेली गाडी काढायला ट्रॅक्टर लागतो, आणि रोवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत ट्रॅक्टर रिकामा मिळत नाही.

स्वतःची गाडी नसेल तर?

नागपूरच्या बसस्थानकावरून रामटेकच्या एसटी दिवसभर मिळतात. नागपूरच्या इतवारी स्टेशनहून रामटेकला रेल्वेही येते. रामटेक हे त्या फाट्याचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे झोप लागली तरी पुढे जायची भीती नाही. गाड्या मोजक्या आहेत, वेळ बघून निघा. रामटेकहून आम्ही गावातलाच ऑटो पाठवतो, त्याचे पैसे ऑटोवाल्या भाऊंना थेट द्यायचे.

हे रिसॉर्ट आहे का?

नाही. स्विमिंग पूल नाही, रेन डान्स नाही, डीजे नाही, रूम सर्व्हिस नाही. वाड्याच्या मागच्या भागात आम्ही स्वतः राहतो. सकाळी अंगणात सडा पडतो, त्या आवाजाने तुम्हाला जाग येऊ शकते. चहा ओसरीवर मिळतो. खोलीत आणून दिला जात नाही, अर्थात कोणी आजारी असेल तर गोष्ट वेगळी.

वाडा कोणाचा? किती जुना?

मालगुजाराचा वाडा आहे, शंभर वर्षांवरचा. पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्यांना ‘वाडा’ म्हटलं की पेशवाई चौक आणि चार मजले डोळ्यांसमोर येतात. इथलं प्रकरण वेगळं. नागपूर प्रांतात इंग्रजांच्या काळात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरण्याची जबाबदारी मालगुजाराकडे असे. त्यामुळे वाडा म्हणजे घर कमी आणि कचेरी, धान्यकोठी, गोठा जास्त. पुढची देवडी एवढी रुंद आहे, कारण धानाच्या बंड्या (बैलगाड्या) थेट आत यायच्या. मालगुजारी 1951 मध्ये कायद्याने संपली. त्यानंतर एवढ्या कोठ्यांचं करायचं काय, हा प्रश्न प्रत्येक वाड्याला पडला. बहुतेकांनी सागवान विकून उत्तर दिलं. तुम्ही शहरातल्या हॉटेलांत जे ‘अँटिक’ दरवाजे बघता, त्यातले कित्येक असेच निघालेले आहेत.

गावाबाहेरचा तलावही त्याच काळातला, माजी मालगुजारी तलाव. भंडारा-गोंदियापर्यंत असे तलाव पसरलेले आहेत आणि अजूनही धानाला पाणी देतात. मालगुजारांबद्दल गावात सगळं चांगलंच बोललं जातं असं नाही, आणि आम्ही तसं भासवतही नाही. वेठबिगारीच्या गोष्टी पारावरचे म्हातारे सांगतात. विचारलंत तर तुम्हालाही सांगतील.

दुरुस्तीत काय बदललं आणि काय तसंच ठेवलं?

याचं उत्तर लांब आहे. ज्यांना जुन्या घरांत रस नाही त्यांनी पुढच्या प्रश्नावर जावं.

भिंती मातीच्या, पायथ्याशी दगड. मधल्या एका पिढीने ‘पक्कं’ करायचं म्हणून त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला होता. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि अंगातून बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बंद केली. ओल आतच राहिली आणि गिलाव्यामागची माती भुसभुशीत झाली. वरून भिंत ठणठणीत दिसायची, टिचकी मारली की पोकळ आवाज यायचा. ते सगळं सिमेंट छिन्नीने उतरवलं आणि चुन्याचा गिलावा केला. कळीचा चुना भिजवून मुरत ठेवायचा, त्यात वाळू, विटांची भुकटी, गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर. बेलफळं गावातल्या पोरांनीच आणून दिली. चुना सावकाश धरतो. त्याला रोज पाणी मारावं लागतं आणि घाई चालत नाही. मजुरी सिमेंटच्या कामापेक्षा जास्त पडली, कारण चुन्यावर हात बसलेला गवंडी आता शोधावा लागतो.

खांब सागाचे. वरून सगळे भक्कम, पण काहींचा पाय वाळवीने खाल्लेला. अख्खा खांब काढायचा म्हणजे वरची तुळई उतरवायची, म्हणजे छप्परच खाली घ्यायचं. त्याऐवजी तुळईला टेकू देऊन खांबाचा फक्त खराब भाग कापला, जुन्याच सागाचा तुकडा खाचेत बसवला आणि खाली दगडी बैठक उंच केली. जोड दिसतो. लपवायचा प्रयत्न केलेला नाही. पाहुण्यांपैकी सुतारकाम कळणारे लोक तिथेच सगळ्यात जास्त वेळ उभे राहतात.

छपरावर गावठी अर्धगोल कवेलू (कौलं) आहेत. कुंभार आता ते क्वचित घडवतात, म्हणून आजूबाजूला पडलेल्या घरांचे उतरवलेले कवेलू विकत घेतो. जिथे पाहुणे झोपतात त्या खोल्यांवर कवेलूंच्या खाली पत्रा टाकला आहे. हे जुन्या पद्धतीत बसत नाही, असं एका जाणकारांनी नाराजीने सुनावलं होतं. पण रात्री दोन वाजता पाहुण्याच्या अंथरुणावर पाणी ठिबकलं, तर तेव्हा तिथे ते जाणकार नसतात, आम्ही असतो.

नवीन काय, तर न्हाण्या, संडास, वायरिंग आणि सेप्टिक टँक. ते मुद्दाम मागच्या सांदवाडीच्या (परसाच्या) बाजूला, वेगळ्या पक्क्या बांधकामात केले, म्हणजे पाण्याची ओल मातीच्या भिंतीत जाणार नाही. दोन खोल्यांना न्हाणी जोडून आहे. बाकी तीन खोल्यांना पडवीतून दहा पावलं चालावं लागतं. पडवीला छप्पर आहे आणि रात्रभर दिवा असतो.

भिंतीला टेकलं की कपड्यांना पांढरं लागतं. रंग कच्चा आहे का?

चुना आहे, लागणारच. झटकलं की जातो. काळे कपडे घालून भिंतीला टेकू नका.

एसी आहे का? उन्हाळ्यात यावं का?

एसी नाही, आणि बसवणारही नाही. एसीसाठी खोली बंद करावी लागते, वर फॉल्स सीलिंग मारावं लागतं. कवेलूंच्या घराला वारा लागतो. तो अडवला की भिंती पुन्हा ओल धरतात, आणि मग वर सांगितलेली सगळी कथा परत सुरू.

तरीही आत गारवा असतो. भिंत दोन हात जाड आहे. ती दिवसभर ऊन सोसते आणि आतपर्यंत उष्णता पोहोचेस्तोवर संध्याकाळ होते. खोलीवर लाकडी फळ्यांचा माळा आहे, त्यामुळे तापलेल्या छपराची धग थेट डोक्यावर येत नाही. शिवाय प्रत्येक खोलीला खसचा मोठा कूलर आहे. नागपूरकरांना कूलरबद्दल सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की हवा कोरडी असेल तोवरच कूलर काम करतो. म्हणजे एप्रिल-मेमध्ये तो झकास चालतो. त्रास होतो तो पहिल्या पावसानंतर, जूनच्या शेवटी. ऊन कमी झालेलं नसतं, हवा दमट झालेली असते आणि कूलर नुसता दमटपणा वाढवतो. उन्हाळ्यात यायचंच असेल तर मे महिना त्यापेक्षा सुसह्य, हे ऐकून लोकांना हसू येतं, पण खरं आहे.

मेमध्ये इथे पारा 45 च्या पुढे जातो. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बाहेर पडायचं नाही, हा सल्ला नाही, अट समजा. दुपारी पन्हं, झोप, पत्ते. बाहेर गेलातच तर डोक्याला दुपट्टा बांधा. खिशात कांदा ठेवायला आमच्या सासूबाई सांगतीलच. त्याने ऊन लागत नाही याची खात्री आम्ही देत नाही, पण त्यांच्याशी वादही घालत नाही. रात्री चौकात बाजा (खाटा) टाकतो. मच्छरदाणी लावून उघड्यावर झोपायचं असेल तर उन्हाळ्यासारखा दुसरा काळ नाही.

थंडी? डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच कुडकुडायला होतं. स्वेटर आणा. ‘विदर्भात कसली थंडी’ म्हणून फक्त टी-शर्ट घेऊन येणारे पुणेकर आमच्या दुलया पळवतात.

पावसाळ्यात छप्पर गळतं का?

झोपायच्या खोल्या गळत नाहीत. ओसरीच्या कोपऱ्यात एखादं ठिकाण गळू शकतं, तिथे आम्ही घमेलं ठेवतो. पावसाआधी दर वर्षी कवेलू फेरतो, फुटके बदलतो. मग वांदरांची टोळी येते, या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारते आणि निम्मी मेहनत पाण्यात जाते.

लाइन (वीज) जाते का? नेटवर्क येतं का?

लाइन जाते, विशेषतः वादळी पावसात. इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे चालतात, कूलर आणि गीझर चालत नाहीत. गरम पाण्यासाठी सांदवाडीत बंब आहेच. नेटवर्क ओसरीवर बरं, माजघरात जवळजवळ नाही. वायफाय नाही. ‘वर्क फ्रॉम वाडा’ करू बघणाऱ्यांनी महत्त्वाच्या मीटिंगच्या दिवशी इथे राहू नये.

जेवायला काय असतं? सावजी मिळेल का?

सावजी हे नागपूर शहराचं, तिथल्या हलबा कोष्टी समाजाच्या घरांतून आणि खानावळींतून आलेलं जेवण. ते तिकडेच खा, जाता-येता. आमच्या इथे स्वयंपाक गावातल्या दोन मावशी करतात आणि त्यांना जे येतं ते त्या फार उत्तम करतात. सकाळी तर्री पोहे. दुपारी भात, वरण, एखादी रानभाजी किंवा अंबाडी, ज्वारीची भाकरी, ठेचा. रात्री पाटवडी रस्सा किंवा झुणका. तिखट भिवापुरी मिरचीचं असतं. कमी हवं असेल तर आधी सांगा, ताटात आल्यावर काही करता येत नाही.

मुक्कामातलं एक जेवण वडाभाताचं, हे ठरलेलं. मिश्र डाळी भिजवून जाडसर वाटायच्या, वडे तळायचे, गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीची कडकडीत तेलफोडणी. सोबत कढी. हे खाऊन दुपारचा कार्यक्रम आखू नका. ज्यांनी आखला ते सगळे ओसरीवर घोरत पडले होते.

मांसाहार हवा असेल तर एक दिवस आधी सांगायचं. मटणाबरोबर लंबी रोटी हवी असल्यास दोन दिवस आधी, कारण उलट्या मडक्यावर ती रोटी टाकणाऱ्या बाई शेजारच्या गावातून येतात. कणीक इतकी सैल असते, की ती हातावर झेलत लांबवत मडक्यावर टाकावी लागते. बघायला गर्दी होते. चुलीजवळ लहान मुलांना सांभाळा.

हुरडा पार्टीची विचारणा फार होते. आमचा भाग धानाचा आहे, इथे ज्वारी नावापुरती. विकतचा हुरडा आणून शेतात बसवून खाऊ घालणं आम्हाला पटत नाही. संत्र्यांच्या बागेचंही तसंच. संत्री काटोल, नरखेड, वरुडकडे. सांदवाडीत दोन झाडं आहेत, तेवढीच. त्याऐवजी दिवाळीच्या आगेमागे आलात तर तलावातले ताजे शिंगाडे मिळतील, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं. पहाटे मोहफुलं वेचायला बायकांबरोबर जाता येतं, पण फक्त गावाला लागून असलेल्या झाडांपर्यंत. त्या दिवसांत जंगलात वाकून वेचणाऱ्या माणसांवर वाघांचे हल्ले होतात, म्हणून पुढे नेत नाही.

दारू आम्ही देत नाही आणि ओसरीवर बसून पिऊही देत नाही. मोहाची ‘फक्त चव’ मागणाऱ्यांनाही हेच उत्तर.

साप-विंचू आहेत का?

आहेत. धानाचं शेत म्हटलं की उंदीर, आणि उंदीर म्हटला की साप. बहुतेक वेळा दिसते ती धामण, बिनविषारी. पण नाग, घोणस आणि मण्यारही या भागात आहेत, आणि काळजी घ्यायची ती मुख्यतः मण्यारीची. ती रात्री फिरते, घरात शिरते. तिचा दंश इतका हलका असतो की झोपलेल्या माणसाला कळतही नाही. म्हणून जून ते ऑक्टोबर या काळात कोणीही जमिनीवर अंथरूण घालायचं नाही. ‘आम्हाला खालीच झोपायची सवय आहे’ हे चालत नाही. सगळ्यांना बाज किंवा पलंग, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. बूट झटकून घाला, विंचू तिथेच सापडतात.

साप दिसला तर मारू नका, हाक मारा. गावात सर्पमित्र आहे. दंश झालाच तर घट्ट दोरी बांधणं, चिरा देणं, मांत्रिकाकडे जाणं यातलं काहीही करायचं नाही. हात-पाय हलू न देता थेट रामटेकच्या उपजिल्हा रुग्णालयात, आणि तिथून गरज पडली तर नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात. रात्री एक गाडी वाड्यावर कायम उभी असते, ती याचसाठी.

पेंचची सफारी तुम्ही करून देता का? वाघ दिसेल का?

सफारीचं बुकिंग वन विभागाच्या संकेतस्थळावर तुम्हीच करायचं. सिल्लारीचं गेट इथून साधारण पाऊण तास, चोरबाहुलीचं त्याहून जवळ. मूळ ओळखपत्र सोबत ठेवा. गाभा क्षेत्र पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, बंद असतं. वाघ दिसेलच असं आम्ही कोणालाच सांगत नाही. दिसला नाही म्हणून आमच्याकडे पैसे परत मागणारे भेटले आहेत, म्हणून हे वाक्य लिहावं लागतं.

जे वाघाच्या मागे नसतील त्यांनी अमावास्येच्या आसपास यावं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. आमच्या गावात तेवढा अंधार नाही, पण अंगणातले दिवे नऊनंतर आम्ही बंद करतो आणि थंडीत आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते.

आजूबाजूला बघण्यासारखं काय आहे?

रामटेकचा गड तर सगळेच बघतात. पण राममंदिराकडे जाताना वाटेतली नृसिंहाची दोन देवळं, केवल नृसिंह आणि रुद्र नृसिंह, लोक न थांबता ओलांडतात. ती वाकाटक राजांच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकाच्या आसपासची. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी प्रभावतीगुप्ता इथल्या वाकाटक राजाला दिली होती. नवऱ्याच्या मृत्यूनंतर मुलं लहान असताना राज्य तिने चालवलं. जवळच्या नगरधनला झालेल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली. नगरधनचा किल्ला आज दिसतो तो बराच नंतरचा. छोटा आहे, तासाभरात होतो, आणि दुपारी तिथे तुम्ही आणि राखणदार सोडून कोणी नसतं.

मनसरला हिडिंबा टेकडीवर विटांचं मोठं बांधकाम उघडं केलेलं आहे. सावली अजिबात नाही, सकाळी आठच्या आत जा. मनसरहून मिळालेली शिवाची सुंदर मूर्ती मात्र तिथे नाही, ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

रामटेक हाच कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं आणि रामटेककरांना त्यात कधी शंका नव्हतीच. गडावर कालिदासाचं स्मारक आहे. आषाढात ढग टेकडीला लागलेले असताना तिथे उभं राहिलं, की वादात पडावंसं वाटत नाही. उतरताना कपूर बावडी बघा, आणि रामटेकचं पान खाऊन या. खिंडसी तलावात बोटिंग आहे, पण रविवारी जाऊ नका.

सणाला येता येईल का?

पोळ्याला या. खोल्या लवकर भरतात, कारण नागपूरकरांचीच मुलं-नातवंडं येतात. पोळ्याला खरे बैल, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं नटूनथटून लाकडी बैल ओढत दारोदार फिरतात. वाड्यात जुने लाकडी बैल ठेवलेले आहेत, तुमच्या मुलांना त्यातला एक मिळेल. त्याच दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक असते, ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, निघतात. दोन्ही एका दिवसात बघायचं म्हणाल तर धावपळ होईल, एक निवडा.

वयस्कर माणसांना जमेल का?

उंबरे उंच आहेत आणि दारं ठेंगणी. वाकून आत यावं लागतं, आणि वाकताना उंबरा विसरला की ठेच ठरलेली. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी देवडीलगतची खोली ठेवतो, तिला पायरी नाही आणि कमोड जोडून आहे. चाकाची खुर्ची त्या खोलीपर्यंत आणि ओसरीपर्यंत येते, माजघरात जात नाही.

प्री-वेडिंग शूट करू देता का?

मुक्कामाला आलेल्यांनी आपापले फोटो काढावेत, हवे तेवढे. लायटिंग, ड्रोन, धुराचे गोळे आणि वीस जणांची टीम नको. ड्रोनच्या आवाजाने गोठ्यातल्या गाई दावं तोडतात.

कुत्रा आणला तर चालेल?

तुमच्या कुत्र्याला आमची हरकत नाही. आमच्या दोन गावठी कुत्र्यांची आहे.

बुकिंग, ओळखपत्र आणि रद्द करण्याचे नियम काय?

दर माणशी आहे, त्यात चहा-नाश्ता आणि दोन्ही जेवणं आली. पाच वर्षांखालच्या मुलांचे पैसे नाहीत. येण्याची वेळ दुपारी बारा, निघण्याची सकाळी दहा. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं. परदेशी पाहुण्यांची माहिती आम्ही 24 तासांच्या आत सरकारला कळवायची असते, तेव्हा पासपोर्ट आणि व्हिसा हाताशी ठेवा.

निम्मी रक्कम आगाऊ. आठवडाभर आधी रद्द केलंत तर ती पूर्ण परत. त्यानंतर पैसे परत नाहीत, पण सहा महिन्यांत दुसरी तारीख घेता येते. पोळा आणि दिवाळी याला अपवाद. पुरामुळे रस्ता बंद झाला तर आम्हीच फोन करून कळवतो आणि पूर्ण रक्कम परत करतो. दुपारी दोन ते चार फोन उचलला जात नाही, मेसेज टाकून ठेवा.